संडास काळी होतेय? नुसतं पित्त म्हणून सोडू नका

आमच्या आबांना महिनाभर संडास काळी होत होती आणि आम्ही सगळे पित्त-पित्त म्हणत मेडिकलवरून गोळ्या आणत राहिलो. चोपड्याकडे आमची केळी आहे, एक दिवस बागेत पाणी भरता भरता आबा बांधावरच बसले, डोळ्यापुढे अंधारी, नखं बघितली तर एकदम पांढरी, एचबी म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन निघालं ५.८. तुमच्या घरी असं होऊ नये म्हणून लिहितोय.

आधी लाज सोडून रंग बघा. डांबरासारखी काळी, चिकट, पाणी टाकलं तरी भांडं सोडत नाही आणि वास फार उग्र, तर ते बहुतेक जठरात किंवा आसपास झालेलं रक्त असतं, पचून काळं पडतं. लोहाच्या गोळ्यांनी पण काळी होते पण ती सहसा अशी चिकट नसते, शंका असली तर दाखवून घ्याच. रक्ताची उलटी, चक्कर, घाम, धडधड असेल तर सकाळची वाट बघू नका, सरळ १०८ लावा. गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या चालू असतील तर आठवणीने सांगा, मनाने घेत असाल तर थांबवा, पण हार्टवाल्याने दिलेली रक्त पातळ करायची गोळी विचारल्याशिवाय बंद करू नका.

मग दुर्बीण, म्हणजे तोंडातून नळी घालून जठर आतून बघायची तपासणी (एंडोस्कोपी). बहुतेकांना अल्सर निघतो. आबांना गाठ दिसली, वरून गुळगुळीत, मधे खड्डा आणि रक्त तिथूनच, पण तपासायला काढलेल्या तुकड्याचा (बायोप्सीचा) रिपोर्ट नॉर्मल! आम्ही तर घरी निघालोच होतो. ही जिस्ट नावाची गाठ, तशी दुर्मिळ, जठराच्या आतल्या अस्तरात नाही तर खालच्या स्नायूच्या थरात वाढते, चिमट्यात वरचं अस्तरच येतं, म्हणून गाठ दिसत असून रिपोर्ट नॉर्मल आला तर सीटी स्कॅन आणि दुर्बिणीतून सोनोग्राफी करायची का हे विचाराच.

गाठ एकाच जागी असली तर ऑपरेशन, जठराचा थोडा भाग गाठीसकट काढतात, अख्खं जठर काढायची वेळ बऱ्याचदा येत नाही. नंतरच्या रिपोर्टमधे गाठीचा साईज, माइटोटिक काउंट (पेशी किती वेगाने वाढतायत) आणि सीडी ११७ (जिस्ट ओळखायची खूण) बघून डॉक्टर इमॅटिनिब ही जिस्टवरची गोळी द्यायची का ते ठरवतात, सहसा रोज ४०० मिलिग्रॅम, सगळ्यांना लागतेच असं नाही. सगळे रिपोर्ट आणि बायोप्सीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) जपून ठेवा, दुसऱ्या डॉक्टरकडे गेलं की आधी तोच मागतात.