०३/०४/२०२४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च?

नुसतं बघून हे कधीच ठरवू नका. भारतात, ब्रिटनमध्ये दिवस आधी लिहितात, अमेरिकेत महिना आधी, आणि एक्सेल फाइल कुठून आली ते बघत नाही, तुमच्या कॉम्प्युटरची रीजन सेटिंग बघतं.

समजा सेटिंग अमेरिकन आहे आणि दिवस आधी असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी टेक्स्ट फाइल) तुम्ही डबल क्लिक करून उघडली. २५/०४/२०२४ चं काय होतं, तर २५वा महिना नसतोच, म्हणून ते टेक्स्ट म्हणून तसंच राहतं, सेलच्या डाव्या बाजूला, निदान लक्षात तरी येतं. पण ०३/०४/२०२४ गुपचूप ४ मार्च होते, उजवीकडे जाऊन बसते, एरर नाही काही नाही. खरा घात ह्या, दिवस १ ते १२ मधला असलेल्या, तारखाच करतात. एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे, काही उजवीकडे दिसल्या तर उजवीकडच्यांवर जास्त संशय घ्या.

आणि फॉरमॅट बदलून हे सुटत नाही हो! एक्सेल तारीख आत नुसता आकडा म्हणून ठेवतं, ४ मार्चचा ४५३५५, ३ एप्रिलचा ४५३८५, तो आकडाच चुकीचा बसला की वरून काहीही लावा.

मूळ सीएसव्ही हाताशी असेल तर नव्या शीटमध्ये डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही घ्या, ट्रान्सफॉर्म डेटा करा, कॉलमच्या नावावर राइट क्लिक, चेंज टाइप, युजिंग लोकेल, तिथे डेट आणि फाइल जिथली आहे तिथला लोकेल, म्हणजे देश-भाषेची सेटिंग, निवडा. मग एक्सेल विचारतं की आधीचं बदलू का नवी स्टेप टाकू, तेव्हा रिप्लेस करंटच दाबा, नाहीतर आधीच बिघडलेल्या तारखांवर काम होतं. गूगल शीट्समध्ये इम्पोर्टच्या आधी फाइल, सेटिंग्ज, लोकेल, बस.

मूळ फाइलच नसेल तर शेजारी नवा कॉलम घ्या, सेलमध्ये आकडा आहे की टेक्स्ट ते इजनंबर (ISNUMBER) फंक्शनने तपासा, आकडा असेल तर डेट फंक्शनमध्ये महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ द्या, टेक्स्ट असेल तर लेफ्ट, मिड, राइटने तुकडे काढून त्याच डेटमध्ये घाला.

दुसऱ्यांना फाइल पाठवताना मी आता २०२४-०४-०३ असंच लिहितो, तारखा लिहायच्या आंतरराष्ट्रीय मानकातलं, आयएसओ ८६०१ वालं, वर्ष पुढे असलं की दिवस-महिन्याचा घोळ होत नाही.