कणीस म्हणलं तर मका आला: कॅरेक्टर आर्टचं कमिशन देताना करेक्शन कसं सांगायचं

मागच्या हिवाळ्यात मी कमिशन देऊन, म्हणजे आर्टिस्टला पैसे देऊन, माझ्या गेममधल्या कॅरेक्टरचं चित्र काढून घेतलं. नाव सावरी. आम्ही परभणीतले चार पोरं रविवारी बसून फासे टाकून गोष्टीचा गेम खेळतो त्यातली ती. काळ १२९६ चा, म्हणजे अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला ते वर्ष, आणि सावरी म्हणजे किल्ल्यावर धान्य पोचवणाऱ्या शेतकऱ्याची पोरगी. ब्रीफमधे, म्हणजे काय काय पाहिजे ते सांगणाऱ्या मेसेजमधे, मी लिहिलं, एका हातात विळा, एका हातात कणीस. आर्टिस्ट ताई मुंबईच्या. स्केच आलं तर हातात मका! वरचे केसबिस सगळं एकदम व्यवस्थित काढलेलं. आता आपल्याकडं कणीस म्हणलं की ज्वारीचं, हे काय वेगळं सांगायचं का, पण मुंबईत कणीस म्हणजे पावसात चौपाटीवर भाजून लिंबू-मीठ चोळून देतात ते. आणि मका तर अमेरिका खंडातून आलेलं पीक, १२९६ ला तो देवगिरीच्या पायथ्याला कुठून येणार.

तर चूक कोणाची? माझी. हे आधी कबूल करायला शिका, पुढचं निम्मं भांडण तिथंच मिटतं.

मी आता करेक्शन सांगायच्या आधी मनात तीन ढीग करतो. पहिला ढीग, मी स्पष्ट सांगितलं होतं आणि आर्टिस्टकडून चुकलं. दुसरा, मी सांगितलंच नाही किंवा अर्धवट सांगितलं. तिसरा, सगळं सांगितल्यासारखंच आलंय पण आता माझंच मन बदललं. पहिल्या ढिगातलं फुकट दुरुस्त करून मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, त्यात लाजायचं कामून. दुसऱ्यातलं ठरलेल्या रिव्हिजनमधे, म्हणजे दुरुस्तीच्या खेपांमधे, बसतंय का बघायचं. तिसऱ्यासाठी आपणहून विचारायचं, "ताई, ह्याचे वेगळे किती होतील?" लोक गल्लत करतात ती इथंच, तिसऱ्या ढिगातली गोष्ट पहिल्या ढिगातली असल्यासारखी सांगतात, आणि मग समोरचा चिडला की म्हणतात आर्टिस्टला लई ॲटिट्यूड आहे.

माझ्याच चित्रात तिन्ही झाले. सावरीच्या डाव्या भुवईवर व्रण आहे, रेफशीटवर (कॅरेक्टर कसं दिसतं ते दाखवणारा नमुन्याचा कागद) बाण दाखवून लिहिलेलं, तरी तो उजवीकडं आला. नंतर ताईंनीच सांगितलं, चित्र काढताना कॅनव्हास आडवा उलटा करून बघतात, आरशात बघितल्यासारखा, म्हणजे चेहरा वाकडा झाला असंल तर लगेच कळतं, आणि तो परत सुलटा करायच्या आधीच त्यांनी व्रण रेखाटला. पहिला ढीग, फुकट. दुसरं, मागं किल्ला पाहिजे म्हणून मी दौलताबादचा, म्हणजे देवगिरीचाच, फोटो पाठवला आणि त्यात चांद मिनार होता. मिनार बहमनी काळातला, पंधराव्या शतकातला, यादवांच्या वेळेला तो नव्हताच. ताईंनी बिचाऱ्यांनी फोटोबरहुकूम काढला. माझ्या लक्षात आलं तोवर रंग भरून झाले होते, मग मागचं आभाळ परत रंगवायचे तीनशे रुपये मी वेगळे दिले. तिसरं म्हणजे मला मधेच वाटलं, खांद्यावर साधी घोंगडी कशाला, हिमरूची शाल दाखवू, आपल्या औरंगाबादची ओळख! तर आमच्यातलाच एक जण म्हणला, अरे हिमरू इथं आली असं सांगतात ते महंमद तुघलकानं १३२७ ला राजधानी दौलताबादला हलवली त्यानंतरचं. म्हणजे मिनार पुसायला लावून मी शाल घालायला निघालो होतो. मेसेज टाइप केलेला होता, पाठवला नव्हता, वाचलो.

म्हणून फाइल आली की लगेच मेसेज टाकू नका. चांगलं वाटलं तर "मिळालं, बघून उद्या सांगतो" एवढंच लिहा आणि झोपा. सकाळी परत उघडा, पण व्हॉट्सॲपवरची दाबून बारीक झालेली इमेज नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा किंवा ड्राइव्हवरून उतरवून घ्या. फोनचा तो रात्रीचा पिवळा मोड बंद करा. हसू नका, मी एकदा "स्किनटोन लई पिवळा वाटतोय" म्हणून अख्खा परिच्छेद लिहिला होता आणि पिवळं माझ्या फोनचं निघालं. मग रेफशीट एका बाजूला आणि चित्र एका बाजूला ठेवून वरून खाली चला, केस, भुवया, कान, गळा, हात, बोटं मोजा (खरंच मोजा), कपड्याची बाजू, दागिने, हातातल्या वस्तू, सावली कुठल्या बाजूला पडलीय. जे सापडंल ते कागदावर.

मित्रांना दाखवायचं असंल तर ह्याच वेळेला. बारा जणांच्या बारा तऱ्हा असतात, एक म्हणतो नाक मोठं, एक म्हणतो विळा लहान, ते सगळं ऐका आणि मग तुम्ही एकट्यानं ठरवा कोणतं सांगायचं. आर्टिस्टला ग्रुपमधे ॲड करून "सगळे आपापलं सांगा" असं कोणी केलं तर ते चित्र कधीच पूर्ण होणार नाही, लिहून देतो.

आता सांगायचं कसं. एकाच मेसेजमधे, एकदाच. दुपारी एक, संध्याकाळी एक, रात्री अकराला "अजून एक छोटंसं" असं करायचं नाही, बऱ्याच आर्टिस्टकडं प्रत्येक खेप म्हणजे एक रिव्हिजन मोजतात आणि ते बरोबरच आहे, कारण फाइल उघडून परत त्या मूडमधे बसायला वेळ जातो. मी पाठवलेला मेसेज जवळजवळ असा होता:

"ताई, सावरी मनात होती तशीच उतरलीय, डोळे तर लईच भारी. स्केचमधे तीन गोष्टी आहेत. १. व्रण डाव्या भुवईवर पाहिजे, तिची स्वतःची डावी, म्हणजे आपण बघताना उजव्या बाजूला (रेफशीट फोटो २). २. कणीस ज्वारीचं पाहिजे, मी नीट लिहिलं नव्हतं, सोबत फोटो पाठवतोय. ३. विळ्याची मूठ लाकडी आहे, ती रंगवताना लोखंडासारखी नको. बाकी पोझ, चेहरा, लुगडं फायनल आहे, त्याला हात लावू नका. लाल गोल करून इमेज जोडलीय."

ह्यात दोन गोष्टी बघा. एक, डावं-उजवं. "डावीकडं" म्हणलं की समोरचा बघणाऱ्याची डावी धरतो, आपण कॅरेक्टरची धरतो, आणि दोन खेपा वाया जातात. म्हणून दोन्ही लिहायचं. दुसरं, काय बरोबर आहे तेही लिहायचं, नाहीतर कणीस बदलायच्या नादात हाताची बोटं पण बदलून येतात आणि ती आधीची छान होती.

फोटोवर लाल गोल फोनच्या गॅलरीतल्या एडिटमधे सुद्धा होतो, त्याला काही सॉफ्टवेअर लागत नाही. आणि रेफ म्हणून गूगलवरचं पहिलं चित्र टाकू नका. मी ज्वारीसाठी मामाच्या रानात जाऊन फोटो काढले, मालदांडीचं कणीस, घट्ट, मूठभर, दाणे मोत्यासारखे, एक फोटो हातात धरून, म्हणजे हाताच्या मानानं केवढं ते कळंल. हुरड्याचे दिवस होते, फोटो काढायला दहा मिनिटं गेली आणि खायला दोन तास.

जे मेसेज चालत नाहीत ते पण सांगतो. "काहीतरी मिसिंग वाटतंय." "थोडं अजून पॉप पाहिजे." "तुमच्या हिशोबानं भारी करा." ह्याच्यावर आर्टिस्ट काय करणार? मिसिंग काय ते तुम्हालाच कळत नसंल तर तसंच सांगा, पण पुढं एक धागा द्या: "चेहरा जरा वयानं मोठा वाटतोय, ती सतरा वर्षांची आहे, गाल भरले तर होईल का?" उपाय तुमचा चुकीचा असंल तरी चालतंय, अडचण कळली की ती माणसं त्यांचा उपाय बरोबर काढतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. लग्नाची पत्रिका छापायला टाकली की प्रेसवाला आधी प्रूफ देतो आणि म्हणतो नावं नीट बघा, सही करा. हजार पत्रिका छापून आल्यावर आत्याचं नाव राह्यलं म्हणून बोंबललं तर तो सही दाखवतो. स्केच म्हणजे ते प्रूफ. साधारण क्रम असा असतो: स्केच, मग लाइनआर्ट (साफ, पक्क्या रेषा), मग सपाट रंग, मग छायाप्रकाश आणि बारीक काम. हात वर करायचा, मान वळवायची, उंची, कपड्याचा आकार, हे सगळं स्केचमधेच सांगायचं, कारण लाइनआर्ट झाल्यावर हात हलवला तर रेषा, रंग, सावली सगळंच परत करावं लागतं. लुगड्याचा रंग, डोळ्याचा रंग वेगळ्या लेअरवर (फाइलमधे एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एक) असंल तर नंतर पण पाच मिनिटांचं काम, पण लेअर एकत्र केल्या असतील तर तेही अवघड. म्हणून स्केच आलं की "मस्त मस्त, करा पुढं" असं बसमधे उभ्या उभ्या टाइप करू नका, ती तुमची सही आहे.

पैसे द्यायच्या आधी चार गोष्टी लिहून घ्या: किती रिव्हिजन, कोणत्या टप्प्यावर, जास्तीचे किती, आणि मधेच थांबवलं तर काय. फोनवर बोलणं झालं असंल तर नंतर "आपलं असं ठरलं" म्हणून मेसेज टाकून ठेवा. मी निम्मे आधी आणि निम्मे फायनल बघितल्यावर देतो, यूपीआयनं आपण स्वतः पाठवलेले पैसे असे बटण दाबून परत येत नाहीत. बाहेरच्या देशातला आर्टिस्ट असंल आणि पेपालनं दिले असतील तर पैसे दिल्यापासून १८० दिवसांत तिथं डिस्प्यूट टाकता येतं, पण आधी माणसाशी बोला. भारतातल्या भारतात पेपालनं देणं एप्रिल २०२१ पासून बंदच आहे.

आर्टिस्ट उत्तरच देत नसंल तर? माझ्यासोबत एकदा झालं, नाव सांगणार नाही. तीन आठवडे गप्प. मी चिडून स्टोरी टाकणार होतो, मग नुसतं लिहिलं, "तब्येत बरी आहे ना? चित्राचं काय ठरवायचं, पुढच्या रविवारपर्यंत सांगा, जमत नसंल तर स्केचपुरते पैसे ठेवून बाकीचे परत करा." तारीख आणि रस्ता दोन्ही दिले की माणूस निघतो. निघाला. तरी नाही हललं आणि रक्कम मोठी असंल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. आणि सहा बोटं दिसली म्हणून लगेच "एआयनं केलंय" म्हणू नका, अर्धवट टप्प्यांच्या इमेज मागा, प्रोक्रिएट ह्या चित्रं काढायच्या ॲपमधे काम करत असतील तर टाइमलॅप्स, म्हणजे चित्र कसं होत गेलं त्याचा भरभर पळणारा व्हिडिओ, आपोआप रेकॉर्ड होतो, सहसा तो दाखवायला कोणी नाही म्हणत नाही.

प्रिंट काढायची असंल तर तेही आधीच सांगायचं, करेक्शन म्हणून नाही. ए-थ्रीला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे ३५०८ बाय ४९६१ पिक्सेल लागतात, लहान कॅनव्हासवर काढून झालेलं ताणून मोठं केलं की फाटतं. आणि स्क्रीनवरचा झगझगीत निळा-हिरवा कागदावर मंद येतो, ती आर्टिस्टची चूक नाही.

राह्यलं एक, फायनल झाल्यावर स्वतः खोडखाड करणं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम १७ प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला मालक काढून घेणारा असतो, पण वेगळं काही ठरलं नसंल तरच, आणि बहुतेक आर्टिस्टच्या अटींमधे वेगळं ठरलेलं असतंय, त्यामुळं अटी वाचा. शिवाय कलम ५७ आहे, चित्राची मोडतोड करून कलाकाराच्या नावाला बट्टा लागत असंल तर त्याला आक्षेप घेता येतो, मालक कोणी का असंना. त्यामुळं नुसता रंग जरी बदलायचा असंल तरी विचारून घ्या. मी विचारलं, गेमच्या कार्डासाठी मागचं आभाळ काढून टाकू का. ताईंनी लेअरवाली फाइलच पाठवून दिली आणि खाली लिहिलं, "दादा, आभाळ काढा, किल्ला काढा, पण त्या व्रणाला आता कोणी हात लावू नका."