अडतिसाव्या वर्षी उभं राहायला शिकले

लेकीला बॅलेच्या क्लासला सोडायचं आणि बाहेरच्या बाकावर तासभर मोबाइल बघत बसायचं, असे पाच शनिवार गेले. सहाव्या शनिवारी टीचर म्हणाल्या, "बसून कंटाळत नाही का? साडेअकराला मोठ्यांची बॅच असते, या की." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या आठवड्यात लेगिंग घालूनच गेले.

घरी जरा गंमत झाली. बॅलेत सुरुवातीचा सराव भिंतीलगतचा दांडा धरून करतात, त्याला बार म्हणतात. "आज बारवर अर्धा तास होते," असं मी फोनवर मैत्रिणीला सांगत होते, तेव्हा सासूबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं.

त्या बारवर पहिले चार महिने जे शिकले, ते बघणाऱ्याला नाच वाटणारच नाही. प्लिए म्हणजे टाचा टेकवून गुडघे वाकवणं, तांद्यू म्हणजे जमिनीला घासत पाय ताणून बाहेर नेणं. नावं फ्रेंच, कारण फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ मध्ये पॅरिसला नृत्याची अकादमी काढली आणि पुढे बॅलेची भाषा तीच राहिली. नावांची धास्ती घेऊ नका, दोन महिन्यांत कानाला सवय होते. पोटऱ्यांना होत नाही. पहिल्या रविवारी गोरेगाव स्टेशनचा पूल मी कठडा धरून, एकेक पायरी आडवी होत उतरले.

लहानपणी थोडं भरतनाट्यम केलं होतं, त्यामुळे वाटलं सोपं जाईल. अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवलेल्या अर्ध्या बैठकीत, पाय बाहेर वळवायची सवय होती, तेवढी कामी आली. पण तिथे पाय वाजला पाहिजे, इथे उडी मारून उतरताना आवाज आला की टीचर मागे वळून बघतात. आणि एक चूक सगळेच नवखे करतात: पंजे जबरदस्तीने बाहेर वळवायचे. वळायला हवं ते खुब्यातून. पंजे पुढे गेले आणि मांडी मागे राहिली की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चाळिशीजवळच्यांनी हे आधीच लिहून घ्यावं. सैल कुर्ताही नको. गुडघा कुठे चाललाय ते टीचरना दिसायला हवं.

मुलांसाठी क्लास शोधताना फ्रॉकचे फोटो बघू नका, जमीन बघा. आम्ही आधी तीन महिने एका सोसायटीच्या हॉलमध्ये जायचो. खाली गुळगुळीत टाइल्स, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुली पॉइंट शूज, म्हणजे टणक टोकाचे बूट, घालून पायाच्या बोटांच्या टोकांवर उभ्या! आया व्हिडिओ काढतायत. चांगल्या स्टुडिओत लाकडी फळ्यांखाली पोकळी असते, वर व्हिनाइल, म्हणजे उडीचा दणका जमीन थोडा झेलते. आणि पॉइंट शूज साधारण अकरा-बारा वर्षांच्या आधी नाहीत, तेही काही वर्षं बॅलेच्या मऊ चपलांत नीट शिकल्यावर, टीचरनी घोटा-पाऊल तपासल्यावर. वाढीच्या वयातली हाडं असतात ती. आम्ही तो क्लास सोडला, पुढच्या महिन्याची भरलेली फी गेली ती गेलीच.

परीक्षांचं विचारून घ्या. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सचा अभ्यासक्रम बऱ्याच ठिकाणी असतो, त्यात छोट्यांच्या पायऱ्यांनंतर ग्रेड १ ते ८. परीक्षा द्यायलाच हवी असं मला वाटत नाही. पण टीचर स्वतः कुठे, कुणाकडे शिकल्या हे विचारायला लाजू नये. मुंबईत हे काल-परवाचं नाही, तुष्ना डल्लास यांची शाळा १९६६ पासूनची. आणि ज्यांना 'हे आपलं नाही' वाटतं त्यांच्यासाठी: इथेच बॅले शिक्षक येहुदा माओर यांच्याकडे शिकलेला अमिरुद्दीन शाह लंडनच्या रॉयल बॅले स्कूलला पोचला. टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहानही त्यांचाच शिष्य. मुलग्यांना पाठवा हो, आमच्या बॅचला एकच आहे.

खरेदी थोडीच. मुलांना अखंड तळव्याची मऊ चप्पल घ्या, पाय त्यात जास्त काम करतो. इलॅस्टिक बहुधा आपल्यालाच शिवावं लागतं. चामड्याची घेतली तर जुलैत पिशवीत कोंडून ठेवू नका, आठवड्यात हिरवी बुरशी चढते. मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवते. लेकीची आणि माझी, शेजारी शेजारी.