डोंगरउतारात घर काढायचंय? आधी पाण्याची वाट काढा

मातीच्या आडोशातली घरं करायला शिकायचंय म्हणून येणारी मुलं बहुधा डोक्यात एक चित्र घेऊनच येतात: गवताचं छप्पर आणि त्यातून डोकावणारी गोल खिडकी. चित्र छानच असतं. पण मी एलेव्हेशनला, म्हणजे घर बाहेरून कसं दिसेल त्या चित्राला, हात लावू देत नाही. आधी उताराचा सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा आणि त्यावर पाणी कुठून येतं, कुठे जातं ते दाखवा, एवढंच सांगतो.

उतारावरचं थोडं पाणी वरून वाहून जातं, थोडं मुरून मातीतून खाली सरकतं, आणि घराची मागची भिंत नेमकी त्याच्या आड येते. ३ मीटर उंच भिंतीमागे पाणी तुंबलं, तर तळाशी दर चौरस मीटरला सुमारे ३ टन दाब नुसत्या पाण्याचा असतो, मातीचा वेगळा. म्हणून वॉटरप्रूफिंगच्या आधी निचरा. वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर, भिंतीमागे खडी, पायाशी छिद्रांचा पाइप, खडीत माती शिरू नये म्हणून जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड. हा पाइप शेवटी कुठे उघडतो, याचं उत्तर ड्रॉइंगवर नसेल तर ड्रॉइंग अर्धवट आहे. मेंब्रेन, म्हणजे पाणी अडवणारं पातळ आवरण, भिंतीच्या बाहेरून लावायचं, कारण पाण्याचा दाब मग त्याला भिंतीवरच दाबून धरतो. आणि नंतर गळती शोधायची म्हणजे सगळा भराव उकरणं आलं, तेव्हा इथे पैसे वाचवू नयेत.

वजनाचा हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर करेल, पण छपरावर माती किती हे तुम्ही ठरवता. भिजलेल्या मातीचा ३० सेंटिमीटर थर दर चौरस मीटरला साधारण ६०० किलो भरतो. गवताला त्याहून कमी पुरते. 'जास्त माती म्हणजे जास्त गारवा' म्हणून थर वाढवणारे भेटतात. त्यांना सांगावं लागतं की ओली माती उष्णता फारशी अडवत नाही, ती साठवते आणि तापमानाचे चढउतार मंद करते. इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, वेगळं लागतंच, तेही बाहेरून, म्हणजे काँक्रीटचं वस्तुमान घराच्या आतल्या बाजूला राहतं. दमट हवेत गार भिंतींना घाम फुटतो, त्यामुळे वायुवीजन सुरुवातीलाच आखा.

उजेड कसा आणायचा आणि डोंगराचं काय करायचं, यासाठी दोन उदाहरणं शेजारी ठेवून अभ्यासा, दोन्ही स्वित्झर्लंडमधली. २००९ चं व्हिला व्हाल्स: उतारात लंबगोल अंगण कोरलंय, खोल्या त्याकडे तोंड करून आहेत, आणि आत जायला जुन्या कोठारातून बोगदा. दुसरं, आर्किटेक्ट पीटर फेत्श यांची डिएटिकॉन गावातली ९ घरं, तळ्याभोवती, मातीखाली वळणदार काँक्रीट. मला पहिलं जास्त शिकवतं. डोंगराची रेषा तिथे जवळपास तशीच राहिली आहे. दुसरीकडे नवीनच टेकड्या उभ्या केल्या आहेत. तुमचं मत उलटही असू शकेल.

नोकरी शोधताना पोर्टफोलिओत रेंडर, म्हणजे संगणकावर रंगवलेली चित्रं, कमी ठेवा. छपराची कड आणि मूळ जमीन जिथे भेटते त्या जागेचा १:१० डिटेल, म्हणजे प्रत्यक्षाच्या एक दशांश मापाचं बारकाव्यांचं ड्रॉइंग, ठेवा. तिथेच मेंब्रेन वर येऊन संपतं, पाणी वळतं आणि कुंपणही लागतं, कारण उतारावरून चालत आलेल्या माणसाला आपण छपरावर आहोत हे कळत नाही. वरची सुपीक माती खोदाईआधी वेगळी काढून ठेवायची टीप त्याच पानावर लिहा.