मधुमेह असताना उपवास कसा करावा

‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण आपल्याकडच्या उपवासाचे नेमके वर्णन करते. वर्ज्य धान्यांच्या जागी त्या दिवशी साबुदाणा, बटाटा, वरई, रताळी, केळी आणि खजूर येतात. या पदार्थांत पिष्ट किंवा साखरच मुख्य असते, आणि साखर हळूहळू चढावी म्हणून ज्यांचा उपयोग होतो त्या डाळी, उसळी आणि पालेभाज्या नेमक्या ताटातून जातात. त्यामुळे मधुमेह असलेल्या व्यक्तीला एकाच दिवसात दोन उलट संकटांना तोंड द्यावे लागते: सकाळी गोळी घेऊन बराच वेळ उपाशी राहिल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, आणि दुपारी भरपेट खिचडी खाल्ल्यावर ती झपाट्याने चढते. ज्यांच्या श्रद्धेचा उपवास हा भाग आहे त्यांना ‘करूच नका’ एवढे सांगून भागत नाही, कारण अशी माणसे मग डॉक्टरांना न सांगता उपवास करतात, आणि खरा धोका तिथे असतो.

म्हणून तयारीची सुरुवात आठवडाभर आधी डॉक्टरांशी बोलून करावी. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन पोटात अन्न नसतानाही साखर उतरवतात, त्यामुळे उपवासाच्या दिवशी त्यांची मात्रा किंवा वेळ बदलावी लागू शकते. मेटफॉर्मिन एकटेच चालू असेल तर साखर फार खाली जाण्याची शक्यता कमी असते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात व तिच्याबरोबर पाणीही जाते, म्हणून दीर्घ उपवासात, विशेषतः हरतालिकेसारख्या निर्जळी उपवासात, शरीरातील पाणी कमी होण्याचा आणि रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्ले) वाढण्याचा धोका असतो. हे बदल स्वतःच्या मनाने करू नयेत, आणि इन्सुलिन तर परस्पर कधीच बंद करू नये. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका किंवा वारंवार साखर उतरण्याचा त्रास असेल, तर मात्र उपवास टाळावा, असेच माझे स्पष्ट मत आहे.

आता ताटाकडे वळू. साबुदाणा कसावाच्या कंदापासून होतो, आणि तमिळनाडूतील सेलम हे त्याच्या उत्पादनाचे मोठे केंद्र आहे. कंद दळून त्याचा चोथा काढून टाकतात आणि उरलेल्या पिष्टाचे दाणे करतात. कोरड्या १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके असतात आणि प्रथिने एक ग्रॅमसुद्धा नसतात. एका माणसाच्या खिचडीला ५० ग्रॅम साबुदाणा धरला, तरी त्यातील कर्बोदके अडीच-तीन लहान फुलक्यांइतकी होतात, आणि त्यात बटाटा, वर चिमूटभर नव्हे तर चमचाभर साखर पडते ती वेगळीच. खिचडीशिवाय उपवास झाल्यासारखे वाटत नसेल, तर शिजलेली खिचडी अर्धी वाटीच घ्यावी, तीत बटाटा व साखर न घालता दाण्याचे कूट सढळ हाताने घालावे आणि सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर घ्यावी. साबुदाणा वडा मात्र टाळलेलाच बरा, कारण त्यात साबुदाणा आणि बटाटा दोन्ही असून ते तेलात तळलेले असतात.

एका वेळच्या ताटात पिष्टमय पदार्थ एकच असावा, हा नियम पाळला तर बराचसा प्रश्न सुटतो. वरईचा भात, म्हणजेच भगर, घेतली तर त्याबरोबर रताळ्याचा कीस किंवा बटाट्याची भाजी नको. भगरीला पचायला हलकी म्हणून मोकळीक देण्याची पद्धत आहे, परंतु तीही पिष्टमयच असून साखर वाढवते, तेव्हा एक लहान वाटी पुरे. तिच्याबरोबर दाण्याची आमटी भरपूर घ्यावी: भिजवलेले दाणे, जिरे आणि हिरवी मिरची एकत्र वाटून, पाण्यात सारखे करून, आमसुले व सैंधव घालून मंद आचेवर उकळावे, आणि गूळ घालू नये. आमसुलांच्या आंबटपणामुळे गुळाची उणीव फारशी भासत नाही. राजगिऱ्याच्या पिठात प्रथिने चांगली असल्याने काकडी किंवा लाल भोपळा किसून घातलेले त्याचे थालीपीठ हा उत्तम पर्याय आहे; गुळाच्या पाकातला राजगिऱ्याचा लाडू मात्र गोडच समजावा. शिंगाड्याचे पीठही मुख्यतः पिष्टच असते. फळांत एक पेरू किंवा पपईच्या चार फोडी चालतात, खजूर नको. भाजलेले दाणे मूठभरच खावेत, आणि ताक हवे तेवढे प्यावे, अर्थात साखर न घालता. विकतचा फराळी चिवडा आणि वेफर्स यांत मीठ व तेल इतके असते की रक्तदाबही असलेल्यांनी ते घरात आणूच नयेत.

नवरात्रात अनेक घरांत धान्यफराळाची रीत आहे, म्हणजे धान्य भाजून घेऊन मगच ते वापरतात. मधुमेह असलेल्यांसाठी हा नऊ दिवस साबुदाणा खाण्यापेक्षा कितीतरी चांगला मार्ग आहे, कारण भाजलेल्या ज्वारीची भाकरी आणि मुगाची आमटी मिळाली की ताट रोजच्या आहाराच्या जवळ राहते.

उपवासाच्या दिवशी ग्लुकोमीटरवर सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी साखर तपासावी. या तपासणीत पोटात काहीच जात नाही, त्यामुळे उपवास मोडण्याची शंका घेऊ नये. घाम फुटला, हात थरथरू लागले, धडधडले किंवा चिडचिड झाली तर लगेच तपासावे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर उपवास तिथेच सोडून तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून घ्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि पातळी सावरल्यावर थोडे खाऊन घ्यावे. अशा वेळी पेढा उपयोगी पडत नाही, कारण त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो. व्यक्ती बेशुद्ध असेल तर तिच्या तोंडात काहीही घालू नये, तिला ताबडतोब रुग्णालयात न्यावे. उलट साखर ३०० च्या वर गेली, तरीही उपवास थांबवून डॉक्टरांना कळवावे.

संकष्टीचा चंद्रोदय पुष्कळदा रात्री नऊच्या पुढे होतो, तेव्हा दुपारनंतर तसेच न राहता पाचच्या सुमारास ताक आणि थोडे दाणे घ्यावेत. रात्री मोदक खायचा असेल तर एकच खावा आणि त्या दिवशी भात वगळून वरण, भाजी व कोशिंबीर यांवर भर द्यावा. संध्याकाळची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाशी जोडलेले असेल, तर ते सातला घ्यायचे की चंद्रोदयानंतर ताट वाढल्यावर, हे आधीच विचारून कागदावर लिहून ठेवावे. एकादशीचे पारणे करताना द्वादशीच्या सकाळी उपाशीपोटी साखर तपासावी आणि नेहमीचे औषध नेहमीच्या मात्रेत पुन्हा सुरू करावे.