व्यापारी व्हेल शिकारीविषयी लिहिताना या चुका टाळा

व्हेलच्या व्यापारी शिकारीवरचा निबंध किंवा वादविवाद स्पर्धेतले भाषण बहुधा एकाच वाक्याने सुरू होते: १९८६ मध्ये जगाने व्हेल शिकारीवर बंदी घातली. विषय जिव्हाळ्याचा असल्याने हे वाक्य कोणी तपासत नाही आणि पुढची सगळी मांडणी त्याच चुकीच्या पायावर उभी राहते.

स्थगितीला बंदी समजणे

१९४६ मध्ये वॉशिंग्टन येथे झालेल्या कराराने आंतरराष्ट्रीय व्हेल आयोग स्थापन केला. व्हेलचे जतन आणि व्हेल उद्योगाचा सुरळीत विकास ही दोन्ही उद्दिष्टे त्या कराराच्या प्रस्तावनेत एकत्र लिहिलेली आहेत, आणि आयोगातले बहुतेक वाद त्यातूनच निघतात. १९८२ मध्ये आयोगाने तीन चतुर्थांश बहुमताने १९८५-८६ च्या हंगामापासून व्यापारी शिकारीचा कोटा शून्यावर आणला; हीच ती स्थगिती. मात्र १९९० पर्यंत व्हेलसाठ्यांचा आढावा घेऊन या आकड्याचा फेरविचार करावा, असेही त्याच तरतुदीत नमूद केले. शून्य हा इथे कोट्याचाच एक आकडा आहे आणि तितक्याच बहुमताने तो बदलता येतो.

शिवाय मुदतीत आक्षेप नोंदवणाऱ्या सदस्याला असा निर्णय बांधील राहत नाही. नॉर्वेने आक्षेप नोंदवला आणि १९९३ पासून व्यापारी शिकार पुन्हा सुरू केली. आइसलँड १९९२ मध्ये आयोगातून बाहेर पडला आणि २००२ मध्ये स्थगितीपुरती हरकत राखून परतला. जपानने अमेरिकेच्या दबावाखाली आक्षेप मागे घेतला आणि वैज्ञानिक संशोधनासाठी परवाने देण्याची मुभा असलेल्या कलम ८ चा आधार घेतला. या कलमाविषयी २०१४ च्या निकालाचा हवाला देताना विशेष काळजी घ्यावी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने संशोधनासाठीची सगळी शिकार बेकायदा ठरवली नाही. जपानच्या अंटार्क्टिकातल्या एका विशिष्ट कार्यक्रमाचे परवाने कलम ८ मध्ये बसत नाहीत, एवढेच म्हटले. पुढे ३० जून २०१९ रोजी जपान आयोगातून बाहेर पडला आणि दुसऱ्याच दिवशी स्वतःच्या सागरी क्षेत्रात त्याची उघड व्यापारी शिकार सुरू झाली.

कोट्याचा आकडा पाहणे, मोजमाप न पाहणे

माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अंटार्क्टिकातला वार्षिक कोटा १६,००० 'निळ्या व्हेल एककां'चा ठरला. एक निळा व्हेल म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई व्हेल, असे ते कोष्टक होते. कशातून किती तेल निघते, यावर ते बेतलेले होते. कोणती जात किती उरली आहे, याला त्यात जागाच नव्हती. सुरुवातीला हा कोटा देशांमध्ये वाटलेलाही नव्हता. हंगाम उघडला की जो जास्त मारील त्याचे, आणि एकूण आकडा भरला की सर्वांचा हंगाम बंद. साहजिकच प्रत्येक कंपनी अधिक वेगवान बोटींवर पैसा ओतत गेली आणि हंगाम आखूड होत गेले.

या व्यवस्थेत एखाद्या बोटीच्या कप्तानासमोर काय हिशेब होता, ते पाहा. सेई व्हेलच्या सहा पाठलागांतून जे मिळते, ते निळ्या व्हेलच्या एका पाठलागात मिळते. निळे व्हेल इतके विरळ झाले होते की केवळ त्यांच्यासाठी मोहीम काढणे परवडले नसते. पण मोहिमेचा खर्च फिन व्हेलमधून निघत होता, त्यामुळे वाटेत दिसलेला निळा व्हेल कोणी सोडत नव्हते. म्हणून 'प्राणी दुर्मीळ झाला की शिकार आपोआप थांबते' हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही. हे एकक १९७२ मध्ये रद्द झाले. तोवर निळे आणि हंपबॅक व्हेल संरक्षित करण्याची वेळ येऊन गेली होती.

मालकी हक्क दिले की प्रश्न सुटतो, असे मानणे

समुद्र कोणाचाच नव्हता म्हणून व्हेल संपले, हे अर्धे खरे आहे. गणितज्ञ कॉलिन क्लार्क यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की एकच मालक असता तरी धोका टळत नाही. समजा, साठा वर्षाला फार तर ५ टक्क्यांनी वाढतो आणि पैसा अन्यत्र १० टक्के मिळवून देतो. अशा वेळी सगळे व्हेल मारून रक्कम गुंतवणेच मालकाला किफायतशीर ठरू शकते. शोधाचा खर्च वाढल्याने हे गणित सौम्य होते, हे खरे. पण सावकाश वाढणाऱ्या जिवाला केवळ मालक मिळून संरक्षण मिळत नाही.

उलट, सगळा दोष नफ्याला देऊनही चालत नाही. सोव्हिएत जहाजांवर बाजाराचे नव्हे, तर सरकारी योजनेतल्या उद्दिष्टांचे दडपण होते. दक्षिण गोलार्धात १९४८ ते १९७३ या काळात त्यांनी २,७१० हंपबॅक मारल्याचे आयोगाला कळवले. प्रत्यक्षात ४८,००० हून अधिक मारले होते. हे सत्य १९९० च्या दशकात सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर बाहेर आले. करारानुसार उल्लंघनाची शिक्षा जहाजाच्या स्वतःच्या देशाने करायची असते, आणि इथे तो देशच लपवाछपवी करत होता. इतक्या मोठ्या हत्येची नोंद एवढा काळ खोटी राहिली, हे वाचून आजही अस्वस्थ व्हायला होते.

आजचे आकडे एकत्र मिसळणे

ग्रीनलंड, अलास्का, रशियातील चुकोत्का आणि कॅरिबियनमधले बेक्विया बेट येथील स्थानिक समाजांच्या उपजीविकेसाठीचा कोटा वेगळा असतो; तो व्यापारी शिकारीच्या बेरजेत धरू नये. कोटा म्हणजे प्रत्यक्ष शिकारही नव्हे. नॉर्वेने २०२३ मध्ये १,००० मिंक व्हेलचा कोटा ठेवला होता आणि मारले गेले सुमारे ५००. जपानमध्ये १९६० च्या दशकाच्या आरंभी वर्षाला दोन लाख टनांहून अधिक व्हेलमांस खाल्ले जाई. आज ते काही हजार टनांवर आले आहे. या देशांत शिकारीला आता कायद्याइतकीच मागणीनेही मर्यादा घातली आहे.

व्हेल पाहण्याच्या पर्यटनाचा आकडाही असाच सैल वापरला जातो. २००८ मध्ये सुमारे १.३ कोटी लोकांनी त्यावर २.१ अब्ज डॉलर खर्च केल्याचा अंदाज आहे. पण ही एकूण उलाढाल आहे, नफा नव्हे, आणि ती बहुतांशी शिकार न करणाऱ्या देशांतली आहे. आइसलँडमध्ये तर दोन्ही उद्योग शेजारी शेजारी चालत आले आहेत. तुलना करायचीच असेल, तर एकाच देशातला, एकाच वर्षाचा, खर्च आणि सरकारी अनुदान वजा केलेला आकडा दोन्ही बाजूंसाठी घ्यावा.