‘पासून’ इंग्रजीत नेताना

नोकरीच्या अर्जात ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ असे वाक्य मराठी माणसाच्या हातून सहज उतरते, आणि त्यात एक नव्हे, दोन चुका असतात. मूळ कारण आपल्या ‘पासून’मध्ये आहे: ‘२०१९पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’ या दोन्ही ठिकाणी मराठीला एकच शब्दयोगी अव्यय पुरते, इंग्रजी मात्र पहिल्यासाठी ‘सिन्स’ आणि दुसऱ्यासाठी ‘फॉर’ वापरते. म्हणून लिहून झाल्यावर ‘सिन्स’वर बोट ठेवावे आणि त्याच्या पुढे आलेली वेळ दिनदर्शिकेवर किंवा घड्याळात दाखवता येते का, ते पाहावे. सोमवार, जून महिना, सकाळचे दहा हे दाखवता येतात, तेथे ‘सिन्स’ राहू द्यावे. तीन तास किंवा दोन महिने मोजावे लागतात, तेथे ‘फॉर’ घालावे.

दुसरी चूक क्रियापदातली, आणि ती अधिक चिवट, कारण ‘करत आहे’ या वर्तमानकाळाला आपला कान सरावलेला असतो. पूर्वी सुरू झालेली क्रिया अजून चालू असेल, तर ‘ॲम’च्या जागी ‘हॅव बीन’ हवे: ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’. ओळख असणे, आवडणे अशा स्थितिवाचक क्रियापदांना मात्र ‘इंग’ मानवत नाही. तेथे ‘आय हॅव नोन हिम सिन्स २०१०’ असेच लिहावे. ती नोकरी सोडून झाली असेल, तर हा खटाटोपच नको, ‘आय वर्क्ड देअर फॉर फाइव्ह इयर्स’ हा साधा भूतकाळ पुरतो.